शब्दचर्चा: ‘आभासी नेटवर्क’ – व्हीलॅन आणि व्हीपीएन

प्रश्न
घरचं वायफाय सुरक्षित कसं करावं यावर एक मार्गदर्शक मजकूर लिहितो आहे. ‘आभासी नेटवर्क’ हा शब्द व्हीपीएनसाठीही (व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क) वापरलेला दिसतो आणि व्हीलॅनसाठीही (व्हर्च्युअल लॅन). दोन्ही एकच आहेत का? दुसरं म्हणजे, ‘आभासी’ वाचलं की ते नुसतं भासमान, खोटं वाटतं. जे खरं नाही ते घराचं रक्षण कसं करणार, असं कच्चा मसुदा वाचणाऱ्यानं विचारलंही. याहून बरा शब्द आहे का?

प्रतिसाद
एकच नाहीत, आणि तुमच्या मजकुरात हा फरक पहिल्याच परिच्छेदात यायला हवा.

व्हीपीएन तुमची रहदारी कूटबद्ध करून दुसऱ्याच्या मालकीच्या नेटवर्कमधून पार नेतो. बाहेर असताना घरातल्या फाइली उघडायच्या असतील तर तो उत्तम. व्हीलॅन घरातल्याच एका स्विचचे (उपकरणं तारांनी एकत्र जोडणारी पेटी) आणि एका राउटरचे भाग पाडतो. त्यात कूटबद्धता अजिबात नसते. त्यामुळे ‘राउटरवर व्हीपीएन टाकला, आता कॅमेऱ्याची काळजी मिटली’ हे वाक्य लिहू नका. बाहेर जाणारी वाट झाकली गेली, पण कॅमेरा आणि तुमचा लॅपटॉप अजून एकाच नेटवर्कमध्ये आहेत.

‘आभासी’बद्दलची तक्रार रास्त आहे. मराठीत आभास म्हणजे जे नाही ते असल्यासारखं वाटणं, ‘हेत्वाभास’ आठवा. इंग्रजीतल्या व्हर्च्युअलचा इथला अर्थ जवळजवळ उलटा आहे: स्वतंत्र तार नाही, स्वतंत्र स्विच नाही, पण परिणाम ते असल्यासारखाच. हा परिणाम येतो एका खुणेमुळे. राउटर आणि स्विच यांच्यातल्या तारेवरून जाणाऱ्या फ्रेममध्ये (माहितीच्या तुकड्यात) ४ बाइटचा टॅग घातला जातो आणि त्यातले १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात. १२ बिटांत ४,०९६ आकडे बसतात; पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून वापरायला ४,०९४ उरतात. ८०२.१क्यू हे त्याचं मानक १९९८ सालचं. व्हीलॅन १० ची फ्रेम स्विच व्हीलॅन २० ला दिलेल्या पोर्टवर (तार खोचायच्या जागेवर) सोडत नाही, यात भासमान काहीच नाही.

माझं मत: मजकुरात ‘व्हीलॅन’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्क’ असा खुलासा द्या. ‘उपजाळे’ टाळा, कारण तो शब्द सबनेटसाठी, म्हणजे नेटवर्कमधल्या आयपी पत्त्यांच्या एका गटासाठी, लागतो. दर व्हीलॅनला सहसा स्वतःचा सबनेट देतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.० आणि १९२.१६८.२०.०, पण म्हणून या दोन गोष्टी एक होत नाहीत.

दुसरा प्रतिसाद
वरच्याशी सहमत. मला ‘सुरक्षित’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे, कारण खरा घोटाळा तिथे होतो.

व्हीलॅन वेगळं करतो. अडवणं हे फायरवॉलचं, म्हणजे कोणती रहदारी जाऊ द्यायची ते नियमांनी ठरवणाऱ्या राउटरमधल्या भागाचं, काम. बरेच राउटर दोन व्हीलॅनमधली रहदारी, मनाईचा नियम लिहीपर्यंत, इकडून तिकडे पोचवतात. राउटिंग हेच त्यांचं काम. म्हणजे तीन व्हीलॅन केले आणि नियम एकही लिहिला नाही, तर विभागणी बरीचशी नावापुरतीच. घरासाठी पायाचा नियम असा: संगणक आणि फोनच्या व्हीलॅनमधून कॅमेरे, दिवे, टीव्ही यांच्याकडे जाता यावं, त्यांनी मात्र उलट दिशेनं नवी जोडणी सुरू करू नये, विचारलेल्याचं उत्तर तेवढं द्यावं. राउटरच्या सेटिंगचं पानही त्या व्हीलॅनमधून उघडता कामा नये. हे हमखास विसरलं जातं.

२०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमनं कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. असा उघडा कॅमेरा व्हीलॅनमध्ये असता तरी ताब्यात गेलाच असता. वरचा नियम लिहिलेला असता तर हल्ला त्या कॅमेऱ्यातून तुमच्या संगणकापर्यंत सहसा पोचला नसता, एवढंच व्हीलॅन साधतो, आणि तेवढंही फार मोलाचं आहे. पासवर्ड बदलणं आणि बाहेरून उघडी असलेली पोर्टं (इंटरनेटवरून आत येण्याचे क्रमांकित मार्ग) बंद करणं याला तो पर्याय नाही. म्हणून ‘व्हीलॅनमुळे उपकरण सुरक्षित होतं’ असं न लिहिता ‘व्हीलॅन आणि फायरवॉलच्या नियमांमुळे नुकसान सहसा पसरत नाही’ असं लिहा.

प्रश्नकर्ता
हे फारच उपयोगी. आणखी दोन शंका. ‘ट्रंक पोर्ट’ला मराठीत काय म्हणावं? आणि व्हीलॅन केल्यावर प्रिंटर दिसेनासा होतो असं वाचलं, ते का?

प्रतिसाद
‘ट्रंक’ तसाच ठेवा. वाचकाच्या मनात आधी पेटी येईल, पण इथला ट्रंक ‘ट्रंक कॉल’मधला आहे: अनेकांची रहदारी वाहणारी मुख्य वाहिनी. राउटर आणि स्विचमधली तार ट्रंक, तिच्यावरून सगळे व्हीलॅन आपापल्या टॅगसह जातात. संगणक जोडायचा तो ॲक्सेस पोर्ट. तिथे स्विच टॅग काढून देतो, संगणकाला व्हीलॅनचा पत्ताही नसतो. यासाठी मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याची सेटिंग बदलता येते असा, लागतो हे मात्र स्पष्ट लिहा.

प्रिंटर बंद पडत नाही, सापडत नाही. फोन ‘इथे प्रिंटर आहे का?’ अशी हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर देतो, आणि ती हाक त्याच नेटवर्कपुरती असते; राउटर ती पुढे नेत नाही. टीव्हीवर व्हिडिओ पाठवायचं बटण नाहीसं होतं तेही बहुधा यामुळेच. राउटरमध्ये एमडीएनएस रिपीटर (ही हाक दुसऱ्या व्हीलॅनमध्ये पोचवणारी सोय) असेल तर तो चालू करायचा. लिनक्सवर हे काम ‘अवाही’ हा प्रोग्रॅम करतो. हाक पोचल्यावर खरी जोडणीही व्हायला हवी, म्हणून फायरवॉलमध्ये त्या प्रिंटरपुरती वाट ठेवावी लागते.

‘नेटवर्क सुधारतं’ हा दावाही जपून करा. मोठ्या कार्यालयात ब्रॉडकास्ट (नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम जाणारे संदेश) कमी झाल्याचा फरक पडतो. घरच्या मोजक्या उपकरणांत वेग वाढल्याचं जाणवणार नाही. उलट संगणक एका व्हीलॅनमध्ये आणि फाइलींचा साठा दुसऱ्यात ठेवला तर प्रत्येक फाइल राउटरमधून जाते आणि राउटर कमकुवत असेल तर फाइलची नक्कल रेंगाळते. ही दोन्ही एकत्रच ठेवावीत.

प्रश्नकर्ता
मग व्याख्या अशी लिहितो: ‘व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवर आणि स्विचवर चालणारी, क्रमांकानं वेगळी ठेवलेली नेटवर्क. एकातलं उपकरण दुसऱ्यातल्या उपकरणाशी बोलू शकत नाही.’

दुसरा प्रतिसाद
दुसरं वाक्य बदला: ‘एकातलं उपकरण दुसऱ्यातल्या उपकरणाशी फक्त राउटरमार्फत बोलू शकतं, आणि कुणाला बोलू द्यायचं ते राउटरच्या फायरवॉलमध्ये ठरवावं लागतं.’