बालगृहातून बाहेर पडलेली मुलगी इंजिनिअरिंगला आहे, सुट्ट्यांत तिने कुठे जायचं? मदत हवी आहे

नमस्कार. मी नाशिकला राहते. गेली सात वर्षं दर रविवारी एका मुलींच्या बालगृहात गणित शिकवायला जाते. तिथली एक मुलगी यंदा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागली आहे. तिला विचारूनच हे लिहिते आहे. नाव, संस्था, कॉलेज सांगणार नाही, आणि कुणाला अंदाज आलाच तर कृपया इथे लिहू नका.

तिची खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. लहानपणी संस्थेत आली तेव्हा डॉक्टरांनी तपासून वय ठरवलं आणि कागदावर एप्रिलमधली एक तारीख पडली. त्या तारखेमुळे बारावीचे पेपर संपले आणि सीईटी तोंडावर असताना ती अठरा पूर्ण झाली. बालगृहात अठरापर्यंतच राहता येतं. बाकीची मुलं क्लासच्या टेस्ट देत होती, तेव्हा ही आपली पेटी कुठे ठेवायची याचा विचार करत होती. अधीक्षिकाबाईंनी रदबदली करून प्रवेश होईपर्यंत तिला राहू दिलं, त्यांचे फार उपकार आहेत.

फीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, पण ती सुटली. अनाथ प्रमाणपत्र आधीच काढून ठेवलं होतं. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून लागलेल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. त्यात 6 एप्रिल 2023 च्या निर्णयातले 'संस्थात्मक' (संस्थेत वाढलेले) आणि 'संस्थाबाह्य' (संस्थेबाहेर वाढलेले) असे दोन्ही प्रकारचे अनाथ आहेत, मुलगेसुद्धा. बातम्या 'मुलींना मोफत शिक्षण' अशाच आल्या, त्यामुळे मुलग्यांच्या संस्थांपर्यंत ही गोष्ट नीट पोचलेली नाही. कुणी ओळखीचं असेल तर जरूर सांगा.

अडलं ते भलतीकडेच. आधारला मोबाइल नंबर अधीक्षिकाबाईंचा. महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज भरताना ही पुण्यात सायबर कॅफेत बसलेली, आणि ओटीपी नाशिकला बाईंच्या फोनवर. बाई मीटिंगमध्ये. असं तीनदा झालं. शेवटी सुट्टीच्या दिवशी नंबर बदलून घेतला.

वसतिगृहाच्या फॉर्मवर 'स्थानिक पालक' म्हणून माझ्या पुण्यातल्या बहिणीने सही केली. मेसचे महिन्याला 3,500 रुपये आम्ही तिघी मैत्रिणी मिळून भरतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधारासाठी, महिना 4,000 रुपये मिळू शकतात असं कळल्यावर जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज दिला. त्याला तीन महिने झाले, अजून उत्तर नाही.

आता ज्यासाठी धागा काढला ते. परवा वसतिगृहात यादी फिरली: दिवाळीला कोण कधी घरी जाणार, तारीख लिहा. मेस पंधरा दिवस बंद. तिने मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "ताई, मी त्या रकान्यात काय लिहू?"

मी ताबडतोब "नाशिकला ये" म्हणाले. घरात सगळे तयार आहेत. पण फोन ठेवल्यावर झोप लागेना. दिवाळी झाली, मग उन्हाळा. चार वर्षं. मी बोलावते आहे ते कशासाठी? माझं काही बिनसलं, आजारपण निघालं, तर तिचा रकाना परत रिकामा. ज्या मुलीला आजवर सगळ्यांनी काही काळापुरतंच ठेवून घेतलं, तिला मीही तसंच करायचं का?

तेव्हा जाणकारांनी सांगावं: तिला सुट्टीत घरी ठेवायला कुणाची परवानगी लागते का? अनुरक्षणाच्या अर्जाचा पाठपुरावा नेमका कुठे करायचा? आणि ज्यांनी असं कुणाला सांभाळलं आहे, किंवा जे स्वतः यातून गेले आहेत, त्यांनी कृपया सांगा की मी काय करू नये.

प्रतिसाद

परवानगीचं आधी सांगतो. ती सज्ञान आहे. संस्थेतल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीचा आदेश तिला आता लागू नाही. कुठे राहायचं हे तिचं ती ठरवेल. वसतिगृहाला मात्र तुमचा पत्ता आणि फोन लेखी द्या.

अर्जाची पोच घेतली होती का? नसेल तर नवा अर्ज करा, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या नावे, आणि पोचेवर शिक्का घ्या. त्यात बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 46 लिहा. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक मदत देण्याची तरतूद तिथे आहे. 2016 च्या आदर्श नियमांत ही मदत एकविसाव्या वर्षापर्यंत आणि विशेष परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत देता येते असं म्हटलं आहे. तिची पदवी बाविसाव्या वर्षी होणार, म्हणजे शेवटचं वर्ष एकवीसच्या पलीकडे जातं. मुदतवाढीचा मुद्दा आत्ताच कागदावर येऊ द्या. सोबत प्रवेशाची पावती आणि संस्थेतून सोडल्याचा आदेश जोडा. बाहेर पडताना संस्थेने मूळ कागद दिले का तेही बघा. समितीचे जुने आदेश, वयाचा आदेश, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र हे सगळं नंतर मागायला गेलं की अधिकारी बदललेले असतात.

प्रतिसाद

कोविडमध्ये आई-वडील गेलेल्या मुलांना तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळतात ना? तिथे अर्ज केलात का?

धागाकर्ती

नाही हो, ती त्याच्या कितीतरी आधीपासून संस्थेत आहे. ती योजना कोविडकाळात पालक गमावलेल्यांसाठी. पोच घेतली नव्हती, ही माझी चूक. सोमवारी जाते.

प्रतिसाद

ताई, मी स्वतः विदर्भातल्या एका बालगृहात वाढलो. आता नोकरी करतो. तुम्ही 'काय करू नये' असं विचारलंत म्हणून लिहितोय.

मला एका कुटुंबाने पहिल्या दिवाळीला बोलावलं होतं. फार चांगली माणसं. पण आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माझी ओळख "हा संस्थेतला मुलगा, खूप हुशार आहे" अशी करून द्यायचे. चौथ्या दिवशी मी खोटं सांगून निघालो आणि उरलेले दिवस नागपूरला स्टेशनवर आणि एका मित्राच्या दुकानात काढले. तेव्हा ओळख करून देताना नुसतं नाव सांगा.

दुसरं म्हणजे, प्रत्येक सुट्टीला नव्याने आमंत्रण देऊ नका. आमंत्रणाची वाट बघणं फार वाईट असतं. सुट्टी जवळ आली की आपण होऊन विचारायची हिंमत होत नाही, आणि समोरचा विसरला असेल असंही मनात येतं. चार वर्षांचं एकदाच बोलून टाका. तुम्हाला जमणार नाही अशा वेळी कुठे जायचं, तेही आत्ताच ठरवा. तुमच्या बहिणीशी तिची ओळख सहीपुरतीच आहे का? तिच्याकडे महिन्यातून एकदा जेवायला जाऊ दे. एका घरावर सगळा भार राहिला की तुम्हालाही भीती वाटते आणि तिलाही.

आणि परत जाताना डबा द्या. सुट्टीनंतर पहिल्या रात्री होस्टेलवर सगळे घरचा चिवडा-लाडू काढतात. मी त्या रात्री लवकर झोपल्याचं सोंग घ्यायचो. डबा मोठा द्या, तिला इतरांना वाटता आलं पाहिजे.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला हात जोडून नमस्कार.

एक मुद्दा राहतोय. अनाथांसाठी 1 टक्का आरक्षण 2018 मध्ये आलं. गोव्यातल्या अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी त्यासाठी थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत जाऊन पाठपुरावा केला होता. पण बालगृहांत आई किंवा वडील हयात असलेली मुलंही बरीच असतात. कुणाची आई आजारी, कुणाचे वडील तुरुंगात. त्यांना अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही, आणि जातीचे, उत्पन्नाचे दाखले काढायला पालक सोबत येत नाहीत. ताई, तुमच्या रविवारच्या वर्गात अशा किती जणी आहेत? त्यांचे कागद अकरावीतच हातात घ्या. कलम 46 ची मदत मात्र अनाथ असण्यावर नाही, संस्थेतून बाहेर पडण्यावर आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अशा दोघी आहेत, पुढच्या वर्षी बारावीला. या रविवारी गणित बाजूला ठेवून त्यांचे कागद बघणार आहे.

कार्यालयात जाऊन आले. पोच मिळाली, शिक्क्यासकट. आधीचा अर्ज सापडला नाही.

काल तिच्याशी फोनवर बोलले. चारही वर्षांच्या सुट्ट्या नाशिकला, आणि मला जमलं नाही तर बहिणीकडे, असं सांगितलं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "उन्हाळ्यात मी तिथे शिकवण्या घेऊ का? लहान मुलींच्या?" मी हो म्हटलं. रकान्यात तिने माझ्या घराचा पत्ता लिहिला आहे.

नागपूरच्या दादा, तुमची हरकत नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. तिला तुमच्याशी बोलायचं आहे. तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला.

आणखी एक. पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगसाठी तिला ड्राफ्टर हवा आहे. पुण्यात कुणाकडे जुना पडून असेल तर कळवा, बहीण येऊन घेऊन जाईल.