मदत हवी आहे: जुना लॅपटॉप घेतलाय, चेकिंग वॉरंटीचे चारच दिवस उरलेत

मंडळी, भाचीचं डिप्लोमाचं दुसरं वर्ष सुरू झालंय. नवा लॅपटॉप बजेटात बसेना, म्हणून शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून जुना थिंकपॅड घेतला. आठव्या पिढीचा आय फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी डिस्क, १९ हजार. (त्याआधीच्या पिढीचा घ्यायचाच नाही हे ठरवून गेले होते. त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.) बिलावर पेनाने '७ दिवस चेकिंग वॉरंटी' लिहून दिलंय. त्यातले तीन गेले.

दुकानात उभ्याउभ्या काय तपासणार? मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. त्याने एक गाणं लावून दाखवलं, नोटपॅडमध्ये चार अक्षरं बडवली आणि 'मॅडम, एकदम मक्खन' म्हणाला. येताना डोंबिवली फास्टमध्ये बॅग पोटाशी धरून उभी होते, तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

घरी आल्यावर कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढला. डिझाइन कपॅसिटी (म्हणजे नवी असतानाची) ४५,००० च्या आसपास, आताचा फुल चार्ज २८,०००. म्हणजे ६२ टक्केच उरलीय. एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने पाहिली, तर ९८ टक्के हेल्थ आणि पॉवर-ऑन अवर्स (डिस्क चालू राहिल्याचे तास) फक्त ११! म्हणजे डिस्क नवी टाकलीय, त्याबद्दल तक्रार नाही. मग खोलीत अंधार करून पडदा आळीपाळीने पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा केला. डेड पिक्सेल (बंद पडलेला ठिपका) नाही, पण पांढऱ्यावर डाव्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा उजळ डाग दिसतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसणं शक्यच नव्हतं.

आणि 'पी' दाबलं की कधीकधी दोनदा उमटतं. भाचीने स्वतःचं नाव टाइप केलं तेव्हा सापडलं. पोर्ट पेनड्राइव्ह लावून पाहिले, कॅमेरा, माइक, बिजागऱ्या ठीक.

प्रश्न असा, की यातलं कशासाठी भांडावं? बॅटरीचं तो 'जुन्या मशीनला एवढं चालतं' म्हणेल. आणि काही तपासायचं राहिलंय का?

प्रतिसाद – चाकरमानी

ताई, बॅटरीसाठी भांडू नका, ६० टक्के म्हणजे दीड-दोन तास, जुन्यात हेच मिळतं. कीबोर्ड बदलून मागा. डागही दाखवा, पण तो दाबामुळे आलेला असतो, पॅनेल बदलल्याशिवाय जात नाही. रॅम तपासायला मेमटेस्ट हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर लावा.

पण त्याआधी एक काम करा. हे थिंकपॅड बहुतेक कंपन्यांमधून निघालेले असतात. चार्जर लावून विंडोज पूर्ण रिसेट करा आणि सेटअप होताना वायफाय जोडाच. कंपनीने मशीन आपल्या यादीतून काढलं नसेल, तर तिथे कंपनीचा ईमेल मागतो. ती नोंद मदरबोर्डला चिकटलेली असते, नवी डिस्क टाकून सुटत नाही. बायोसलाही (विंडोजच्या आधी सुरू होतो तो मूळ प्रोग्रॅम) पासवर्ड आहे का बघा.

धागाकर्ती

चाकरमानी दादा, रात्री रिसेट लावलं. तासाभराने वायफाय जोडल्यावर 'वेलकम टू' आणि पुढे एका कंपनीचं नाव, खाली ऑफिसच्या ईमेलची चौकट! भाची म्हणाली, 'मावशी, मला नोकरी लागली की काय?'

सकाळी दुकानात फोन केला. 'मॅडम, सेटअपच्या वेळी नेट लावायचंच नाही ना!' म्हणजे त्याला माहीत होतं. मी आवाज चढवल्यावर म्हणाला, पैसे परत नाही, पण पीस बदलून देतो.

उद्या ऑफिसमधून लवकर निघून जातेय. या वेळी तिथेच, त्याच्या समोर रिसेट करून मोबाइलचं हॉटस्पॉट लावणार, तास लागला तरी चालेल. लॅमिंग्टन रोडला संध्याकाळी दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात, कुणी सांगेल का?