हिवाळ्यात जमणारं बनीहॉप मे महिन्यात काहून जमून नाही राहिलं?

खामल्याचा_पोट्टा:
काउंटर-स्ट्राइक २ (गोळीबाराचा कॉम्प्युटर गेम) खेळतो. डिसेंबर-जानेवारीत रोज रात्री तासभर फक्त मूव्हमेंट केली, म्हणजे बनीहॉप: सलग उड्या मारत वेग वाढवत जाणं. माऊसच्या स्क्रोलवर जंप लावला. हवेत गेलो की डब्ल्यू (पुढे जायचं बटण) सोडायचा, ए (डावीकडे जायचं) दाबला की माऊस डावीकडे, डी (उजवीकडे जायचं) दाबला की उजवीकडे, हे हातात पक्कं बसलं होतं. सलग चार-पाच उड्या आरामात व्हायच्या.

एप्रिलपासून सगळं गेलं. उड्या लागतात, पण वेग वाढतच नाही, तिसऱ्या उडीला बैलगाडी. माऊसची सेन्सिटिव्हिटी दोनदा बदलली, गेम काढून परत टाकला. काउंटर-स्ट्रेफचेही (उलट बटण दाबून झटक्यात थांबायचं) वांधे: एके रायफल घेऊन कोपऱ्यातून निघतो, थांबतो, आणि पहिली गोळी समोरच्याच्या कानाजवळून जाते. रूममेट म्हणतो स्नॅप टॅपवाला कीबोर्ड घे. बाबा अर्धे पटलेत. घेऊ का? (कूलरच्या आवाजात पावलंही ऐकू येत नाहीत, पण ते रडगाणं वेगळं.)

डस्ट_टू_चा_जावई:
स्किल इश्यू आहे बे. रात्री तर्री खाणं बंद कर.

बर्डी_वन_पॉइंट_सिक्स:
बाबांचे पैसे वाचव आधी. स्नॅप टॅप म्हणजे ए आणि डी दोन्ही दाबलेले असले तरी शेवटचं बटण कीबोर्डच धरतो, थांबायचं काम तुझ्याऐवजी तोच करतो. गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अधिकृत सर्व्हरवर हे बंद केलं, सापडलास तर चालू मॅचमधून बाहेर. जंप स्क्रोलवर लावलेला चालतो, त्याची काळजी नको.

आता गोळीचं. एके हातात असताना तू सेकंदाला २१५ युनिटने पळतोस, सुरी घेऊन २५०. डी सोडून ए ला नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं की झटक्यात थांबतोस आणि तेव्हाच गोळी सरळ जाते. पण डी वरचं बोट उचलायच्या आत ए दाबला तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. गेमच्या लेखी तू काहीच दाबलेलं नाहीस, घसरत घसरत थांबतोस, आणि त्या घसरण्यात गोळी सोडतोस. घाईत बहुतेकांचं हेच होतं. बॉट (कॉम्प्युटरचे खेळाडू) काढून टाक, भिंतीसमोर उभा राहा, उजवीकडे दोन पावलं, टिचकी, एकच गोळी. भोक क्रॉसहेअरच्या (स्क्रीनमधल्या नेमाच्या खुणेच्या) जागी पडलं का बघ. रोज शंभर गोळ्या, कंटाळा येईपर्यंत. मॅचमध्ये बनीहॉपने माझे तरी फार राउंड जिंकले नाहीत, या टिचकीने जिंकले.

तुझ्या उड्यांचं मात्र मला वेगळंच दिसून राहिलं. उड्या लागतात म्हणजे स्क्रोलचं टायमिंग बरोबर. वेग मिळत नाही म्हणजे माऊसचा हात गोल, सलग फिरत नाही, मधे अडखळतो. आम्ही २००६ मध्ये नागपुरात बर्डीवरच्या एका कॅफेत खेळायचो, पोटात रबरी गोळी फिरणारे माऊस. आतल्या रोलरवरचा काळा मळ नखाने खरवडल्याशिवाय कोणी बसायचं नाही. मळ राहिला की कर्सर तसाच अडकत अडकत जायचा. आता तो मळ नाही, पण तुझा कूलर नेमका कुठे आहे?

खामल्याचा_पोट्टा:
दादा, खिडकीत. टेबल त्याच्या समोरच, हवा थेट हातावर. नाहीतर ४५ डिग्रीत बसणार कसं?

बर्डी_वन_पॉइंट_सिक्स:
माऊसपॅड कापडी आहे ना? तळहात ठेव त्यावर आणि सांग.

खामल्याचा_पोट्टा:
दमट आहे!! कडेला तर पार ओलसर. खसच्या ताट्यांचा वास पण येऊन राहिला.

बर्डी_वन_पॉइंट_सिक्स:
सापडलं. ओल्या कापडावर माऊस ओढल्यासारखा जातो. सुटायला जोर लावतोस, मग एकदम पुढे पळतो. हवेतल्या वळणाला हेच चालत नाही. रात्री कूलर बंद करून खेळ.

रातपाळी_ताई:
मेमध्ये कूलर बंद कर म्हणणारा माणूस आता नागपुरात राहत नसावा. पोरा, कूलर चालू ठेव, टेबल फिरव. हवा पाठीवर आली पाहिजे, मनगटावर नाही. माझंही दोन उन्हाळे असंच झालं, मी तर माऊसलाच शिव्या घालत होते. शेवटी काचेचं पॅड घेतलं, त्यात ओल शिरत नाही, पण सुरुवातीला माऊस इतका सटकतो की आठवडाभर प्रत्येक वळण चुकतं. आधी टेबल फिरवून बघ, ते फुकट आहे.

बर्डी_वन_पॉइंट_सिक्स:
ताई, पुण्यात आहे. पकडलंत.

खामल्याचा_पोट्टा:
अपडेट. टेबल फिरवलं, पॅड धुऊन गच्चीवर टाकलं, अर्ध्या तासात कडक. रात्री प्रॅक्टिस मॅपवर सलग सहा उड्या, पाचवीपर्यंत वेग वाढत होता. भिंतीवरच्या शंभर गोळ्यांपैकी एकेचाळीस जागेवर, बाकीच्यांत डी वरचं बोट खरंच उशिरा उचलतो, आता कळून राहिलं. कीबोर्ड रद्द. आई मात्र चिडली आहे, तिच्या कुरडयांच्या चादरीवर पॅड कोणी वाळत घातलं म्हणून.