मोठ्या शहरातील कलाप्रदर्शनांपैकी नेमकी कोणती पाहावीत?

अवलोकन:
नमस्कार. मला चित्रे पाहण्याची आवड आहे, परंतु कलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. लवकरच काही दिवस एका मोठ्या शहरात राहण्याचा योग येत असून तेथे एकाच वेळी इतकी प्रदर्शने चालू आहेत की, निवड कशी करावी हेच उमगेनासे झाले आहे. एका संग्रहालयात नावाजलेल्या चित्रकाराचे सिंहावलोकनी, म्हणजे त्याच्या आजवरच्या साऱ्या कामाचा आढावा घेणारे, प्रदर्शन आहे, दुसऱ्या ठिकाणी जुन्या मुद्राचित्रांचे (कोरलेल्या पत्र्यावरून किंवा ठोकळ्यावरून कागदावर छापलेल्या चित्रांचे) लहानसे प्रदर्शन आहे, खासगी कलादालनांत नव्या चित्रकारांची कामे लागली आहेत, आणि व्हॅन गॉगची चित्रे प्रोजेक्टरने भिंतींवर हलती करून दाखवणाऱ्या कार्यक्रमाची जाहिरात तर जागोजागी दिसते. सगळे पाहणे शक्य नाही. यांपैकी काय चुकवू नये आणि काय सोडले तरी चालेल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रंगपेटी:
प्रदर्शन संपल्यावर त्यातील कामे कुठे जाणार आहेत, हे आधी पाहावे. संग्रहालयाच्या स्वतःच्या मालकीची चित्रे पुढच्या खेपेसही बहुधा तेथेच भेटतात. परंतु मोठ्या सिंहावलोकनी प्रदर्शनासाठी अनेक देशांतील संग्रहालये आणि खासगी संग्राहक आपापली चित्रे मुदतीपुरती देतात, आणि मुदत सरली की ती पुन्हा पांगतात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये २०२३ साली भरलेले सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीरचे प्रदर्शन आठवून पाहा. त्याची मानली जाणारी चित्रे ३७ च्या आसपास आहेत आणि त्यांतील २८ तेथे एकत्र आली होती. एकेकटे चित्र पाहताना खिडकीतून येणारा उजेड सुंदर वाटतो, एवढेच. पण तोच डाव्या बाजूचा उजेड आणि पांढऱ्या फरचा काठ लावलेले तेच पिवळे जाकीट चित्रामागून चित्रात दिसू लागले की, हा माणूस मोजक्याच वस्तू पुन्हापुन्हा मांडून काय शोधत होता, याचा अंदाज येऊ लागतो. हे पुस्तकातील छायाचित्रांवरून कळत नाही, कारण पुस्तकात लहानमोठी सगळी चित्रे पानाच्या मापाची होऊन बसतात. त्यामुळे सिंहावलोकनी प्रदर्शन आपण चुकवू नये. तिकीट मात्र आगाऊ काढावे.

आम्लरेषा:
रंगपेटी यांच्याशी सहमत आहे, तरीही मी मुद्राचित्रांचे लहान प्रदर्शन त्याहून वर ठेवीन. कागदावरील कामांना उजेड सोसत नाही. जलरंग फिके पडतात, कागद पिवळा पडतो. म्हणून अशा दालनांत उजेड मंद, साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवतात आणि काही महिन्यांनी कामे पुन्हा अंधारात, कपाटात जातात. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०२ साली रंगवलेला ससा व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे, परंतु मूळ चित्र क्वचितच बाहेर काढले जाते. हेन्री व्हॉन या संग्राहकाने १९०० साली मृत्युपत्राद्वारे इंग्रज चित्रकार टर्नरची जलरंगचित्रे एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनाला दिली, तेव्हा ती केवळ जानेवारीत, विनामूल्य दाखवावीत अशी अटच घातली होती, कारण त्या महिन्यात तेथे सूर्यप्रकाश सर्वांत क्षीण असतो. म्हणजे संग्रहालयाच्या मालकीचे असले, तरी कागदावरचे काम पुढच्या खेपेस दिसेलच असे नाही.

त्या प्रदर्शनात एकाच पत्र्यावरून काढलेले दोन ठसे शेजारीशेजारी लावले असतील, तर तेथे अवश्य थांबावे. डच चित्रकार रेम्ब्रांटचे ‘तीन क्रूस’ हे १६५३ चे मुद्राचित्र घ्या. सुईने तांब्यावर थेट ओरखडा काढला की रेघेच्या कडेला धातूची बारीक खर उभी राहते. तिच्यात शाई अडकते आणि कागदावर रेघ मखमलीसारखी मऊ, दाट उमटते. प्रत्येक ठशाबरोबर ती खर दबत जाते, म्हणून सुरुवातीच्या ठशांचे मोल वेगळे असते. पुढे रेम्ब्रांटने त्याच पत्र्यावर कितीतरी आकृती खरवडून काढल्या आणि वरून खाली येणाऱ्या गडद रेघांनी अर्धेअधिक दृश्य झाकून टाकले. हा बदल अंधूक दालनात, काचेपाशी चेहरा नेऊन पाहावा लागतो. डोळे उजेडाला सरावेपर्यंत घाई करू नये.

भित्तिपत्र:
खासगी कलादालनांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. तेथे बहुधा प्रवेश विनामूल्य असतो, गर्दी नसते आणि कधीकधी चित्रकार स्वतः उपस्थित असतो. सगळेच काम चांगले असेल असे नाही, पण ज्याच्याविषयी अजून कोणी मत बनवलेले नाही, असे चित्र पाहण्याची सवय लागणे फार मोलाचे आहे. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, दगा, पिसारो आदी चित्रकारांनी सालोन या अधिकृत वार्षिक प्रदर्शनाला बगल देऊन नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचे प्रदर्शन भरवले, तेव्हा आत येणाऱ्यांना आपल्याच डोळ्यांवर विसंबावे लागले होते.

प्रोजेक्टरचा कार्यक्रम मात्र मी निःसंकोच सोडून देईन. व्हॅन गॉगचे ‘स्टारी नाइट’ जेमतेम ७४ बाय ९२ सेंटिमीटरचे आहे. त्यात रंगाचे जाड थर आहेत, कुंचल्याची चाल त्यांवर उमटलेली आहे आणि बाजूने उजेड पडला की त्या थरांची बारीक सावली दिसते. भिंतभर ताणलेल्या प्रतिमेत यातले काहीही उरत नाही. त्या शहरातील एखाद्या संग्रहात त्याचे एक जरी खरे चित्र असेल, तरी तो वेळ त्याला द्यावा.

अवलोकन:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुद्राचित्रे आणि सिंहावलोकनी प्रदर्शन हे दोन्ही नक्की केले आहे. परंतु सिंहावलोकनी प्रदर्शनात शंभराहून अधिक कामे आहेत असे दिसते. एवढी कामे एका भेटीत कशी पाहावीत?

रंगपेटी:
सगळी सारख्याच लक्षाने पाहू नयेत. बहुतेक प्रेक्षक पहिल्या दालनातील प्रत्येक पाटी वाचतात आणि चित्रकाराची परिपक्व कामे येईपर्यंत थकून जातात. त्याऐवजी पाट्या न वाचता आधी शेवटच्या दालनापर्यंत सावकाश चालत जावे, ज्यांच्यापाशी पाय आपोआप अडले ती चार-पाच चित्रे लक्षात ठेवावीत आणि मग मागे फिरून त्यांना निवांत वेळ द्यावा. मात्र अनेक संग्रहालयांत एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडत नाहीत, तेव्हा हे मागे फिरणे बाहेरच्या दाराआधीच करावे लागते.