मदत हवी आहे: पुरात बुडालेल्या इमारतींचं नुकसान रुपयांत कसं काढायचं?

शशी_पी
आमच्या भागातल्या ११२ इमारतींची यादी तयार आहे. घरोघर फिरून, भिंतींवरचे डाग मोजून प्रत्येकीत पाणी किती फूट होतं ते लिहिलंय. आता इमारतींचं नुकसान रुपयांत हवंय. शनिवारपर्यंत आकडा द्यायचा आहे. नेटवर सगळे परदेशी तक्ते. सूत्र किंवा एक्सेल असेल तर द्या. पूर का येतो यावर चर्चा नको.

स्थापत्य_३२
गाव कुठलं? कुठल्या वर्षीचा पूर? बांधकाम आरसीसी, विटांचं की मातीचं? आणि फूट कुठून मोजलेत, रस्त्यापासून की जोत्यापासून?

विमा_सल्ला
पंधरा वर्षं सर्व्हेचं काम केलंय म्हणून सांगतो. विम्याची रक्कम इमारतीच्या किमतीपेक्षा कमी असेल, तर दावाही त्याच प्रमाणात कापला जातो. एप्रिल २०२१पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत घरांसाठी ही कपात नाही. जुनी पॉलिसी असेल तर आधी बदला.

शशी_पी
विम्याचं विचारलेलं नाही. सांगली, गावभागाच्या बाजूला. २०१९. फूट रस्त्यापासूनच मोजलेत, त्याने काय बिघडतं?

स्थापत्य_३२
सगळं तिथेच बिघडतं. जुन्या वाड्यांची जोती तीन-साडेतीन फूट, नव्या अपार्टमेंटचं पार्किंग रस्त्याच्या पातळीला. रस्त्यावर चार फूट पाणी असेल तर वाड्याच्या सोप्यात जेमतेम घोट्याच्या वर येतं आणि शेजारच्या पार्किंगमधला मीटरबोर्ड बुडतो. टेप घेऊन परत एकदा फिरा.
मग युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचे २०१७चे वक्र घ्या, म्हणजे किती पाण्याला किती टक्के नुकसान ते सांगणारे आलेख. आशियाचा वेगळा आहे. घरांसाठी अर्धा मीटर पाण्याला ३३ टक्के, एक मीटरला ४९, दोनला ७२.

मिरजकर_०७
तलाठ्यांचे पंचनामे झालेत ना? त्यांची बेरीज करा, संपलं.

कृष्णाकाठ
पंचनाम्यातून नुकसान कळत नाही, मदत कळते. २०१९ला शहरात कुटुंबामागे १५ हजार मिळाले. ज्याच्या घरात फूटभर पाणी होतं त्यालाही तेवढेच, ज्याची भिंत बसली त्यालाही तेवढेच.
पण एक मीटरला ४९ टक्के मला अजिबात पटत नाही. आमची आरसीसी बिल्डिंग आठवडाभर पाण्यात होती. गिलावा, रंग, वायरिंग, दारांच्या चौकटी गेल्या, सांगाडा जागच्या जागी. पलीकडच्या वाड्याची मातीची भिंत मात्र पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी कोसळली. दोघांना एकच टक्का लावणार?

स्थापत्य_३२
ते टक्के बांधकाम खर्चावर लावायचेच नाहीत. बुडूनही न बिघडणारा भाग आणि घसारा वगळून जी कमाल नुकसानीची रक्कम उरते, तिच्यावर ते लागतात. लोक हे वाचत नाहीत आणि आकडा दुप्पट-तिप्पट फुगतो. वाड्यांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, मातीच्या बांधकामाला वेगळा वक्र लागेल. पाणी किती दिवस थांबलं हेही या वक्रात नाही.

मिरजकर_०७
खाली कर्नाटकात अलमट्टी धरणाचं पाणी वेळेत सोडलं असतं तर हा हिशोबच करावा लागला नसता.

कृष्णाकाठ
२०१९च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी वडनेरे समितीने अलमट्टीला जबाबदार धरलेलं नाही.

मिरजकर_०७
आम्हाला तो अहवाल मान्य नाही. पाण्यात आम्ही होतो.

शशी_पी
कृपा करून अलमट्टीला वेगळा धागा काढा. शनिवार जवळ आलाय.

चिपळूणची_माई
शशी, २२ जुलै २०२१ला आमच्या बाजारपेठेतल्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. भिंती जांभ्याच्या, त्यांना काही झालं नाही. काउंटर, फ्रीज, कपाटं, सगळा माल गेला आणि वर चिखल काढायची मजुरी. नुसती इमारत धरलीस तर आमच्यासारख्यांचं नुकसान कागदावर जवळपास शून्य दिसेल. सामानाचा वेगळा रकाना कर बाळा. आमचे आकडे मात्र तुला लागू नाहीत, आमच्याकडे पाणी दोन दिवसांत उतरलं.

स्थापत्य_३२
माई अगदी बरोबर. आणि शशी, हा आकडा कशासाठी हवाय ते अजून सांगितलं नाहीत.

शशी_पी
सामानाचा रकाना करतो माई. नाल्यातून नदीचं पाणी उलटं आत शिरतं, तिथे झडप बसवा म्हणून महापालिकेला निवेदन द्यायचंय. नुकसान जास्त आणि झडपेचा खर्च कमी, हे दाखवायचंय.

स्थापत्य_३२
हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतंत. २०१९ला आयर्विन पुलाजवळ, जिथे कृष्णेची पातळी मोजतात, साडेसत्तावन्न फूट पाणी होतं. तेव्हा ते काठावरूनच आलं, झडप असून काही वाचलं नसतं. ते नुकसान झडपेच्या खात्यात लिहिलंत तर पहिलाच अभियंता निवेदन बाजूला ठेवेल. झडपेचा फायदा लहान पुरात. तुमच्या मोजमापातूनच तो निघतो: जिथे तेव्हा रस्त्यावर ९ फूट होतं, तिथे पुलाजवळ ५० फुटाला साधारण दीड फूट येणार, ४५ला रस्ता कोरडा. त्यातून जोतं वजा करा आणि प्रत्येक पातळीला वेगळी बेरीज मांडा. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतून घ्या. जमिनीची किंमत धरू नका, जमीन बुडली तरी जाग्यावरच आहे.

शशी_पी
म्हणजे ५० फुटाला माझ्या ११२पैकी बऱ्याच इमारती यादीतून गळतील.

स्थापत्य_३२
गळू द्या. उरतील त्या कोणी खोडू शकणार नाही.

शशी_पी
उद्या सकाळी टेप घेऊन जोती मोजायला निघतो. तीन इमारतींना तळघर आहे, त्यांचं काय धरू?

कृष्णाकाठ
त्यांची पातळी रस्त्याच्या खाली, उणे चिन्हाने लिहा. आणि तिथे कोणाचं गोदाम आहे का ते आधी विचारा.