नाताळात पाऊस: अठरा माणसांची पंगत कुठं मांडू?

कॅम्पातली थोरली सून:
यंदा नाताळ आमच्याकडं. अठरा माणसं, त्यातली नऊ पणजीहून येणार. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झालाय म्हणे. इथं बेळगावात चार दिवस आभाळ भरलेलंच. अंगणात मांडव घालणार होतो. कागदी चांदणीचा तर कालच्या सरीत लगदा झाला! लाईट गेली तर फ्रिजमधल्या मटणाचं काय?

खानापूरकर:
डुकराच्या मटणाचं सोरपोतेल आजच करा की. व्हिनेगर असतंय त्यात, रोज खळखळून उकळी काढली की मुरून उलट चव चढते. नेवऱ्या, कुलकुल असला तळलेला गोड फराळ मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओल्या हवेत मऊ पडतात. आमच्या गेल्या साली पडल्या, पोरांनी तशाच संपवल्या.

घाटवाला:
पणजीहून येताना लागणाऱ्या चोर्ला घाटात धुकं उतरलं की पुढची गाडी दिसत नाही. पाहुण्यांना चोवीसला दुपारीच निघायला सांगा. चर्चमधल्या रात्रीच्या मिस्साची, म्हणजे प्रार्थनेची, घाई करून घाट चढू नये.

कॅम्पातली थोरली सून:
सांगितलं. दीर म्हणतोय, "वैनी, बघू." मांडव रद्द, पंगत दोन पाळ्यांत सोप्यात. सासूबाईंनी माळ्यावरचा कंदील काढलाय, वात मिळेना.