अंगणात आलेला पक्षी गिनी फाउल आहे

अंगणात आलेला अनोळखी पक्षी कोणता, असं तुम्ही विचारलंय. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, निळसर-पांढरं तोंड आणि डोक्यावर शिंगासारखा उंचवटा, हे तुमचं वर्णन वाचून शंकाच उरली नाही. हा गिनी फाउल, कोंबडीसारखा पाळला जाणारा पक्षी. मूळ आफ्रिकेतला. थंडीत नागपूरच्या तलावांवर बदकं येतात म्हणून हाही स्थलांतरित असेल, असं तुमच्या प्रश्नाखाली कुणी लिहिलंय, पण याला लांबचं उडणं जमत नाही. आसपासच्या एखाद्या फार्मवरून सुटलेला असणार, तेव्हा आधी तिथे चौकशी करा.

आवाज नीट ऐका. दोन तुकड्यांची हाक सारखी देत असेल तर मादी. नर ती देत नाही. हे पक्षी थव्याने राहतात, त्यामुळे एकटा पडला की फार ओरडतो बिचारा. रात्री झाडावर बसेल, बसू द्या, कुत्र्यांपासून तिथेच सुरक्षित. ज्वारी-बाजरी आणि पाणी ठेवलं की पुरे, किडे तो स्वतः वेचतो.

मात्र कृपा करून त्याला नागपूरच्या गोरेवाडा जंगलात सोडू नका. पाळीव पक्ष्यांचे आजार आपल्या तित्तर-मोरांपर्यंत जायला नकोत. 2024 च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्याच वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने गेले, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. तो मलूल दिसला, मान टाकली, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. धडधाकट असला तरी दाणापाण्याचं भांडं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि घरच्या कोंबड्या असतील तर त्यांना वेगळं ठेवा.